पावडरबायला पाणी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत हो. ब्लीचिंग पावडरचा वास लुगड्याला बसतो ना, तसे ते अंगाला बसतात. सत्तरची वर्षं सरून ऐंशीची लागत होती, तेव्हा मी आमच्या वटार गावच्या आरोग्य उपकेंद्रात मदतनीस होते. एक खोली, एक कपाट, आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर आणि बाकीचे दिवस मी! शाळेचं तोंड पाहिलं नाही. वाचायला शिकले ती औषधांच्या खोक्यांवरून, आणि कोणाच्या उपकाराने नाही.

विहिरींत पावडर टाकायचं काम माझं, म्हणून गावाने नाव ठेवलं, पावडरबाय. मी दारात दिसले की लोकांना वाटायचं, रोग आला! ‘बस’ म्हणणं सोडा, साधं पाणी कोणी विचारत नसे. अख्ख्या गावाचं पाणी माझ्या हातून जायचं, आणि मी घरून बाटली भरून नेणार!

*

एकदा भर उन्हाळ्यात मी डॉक्टरांकडे पावडरीची पोती मागितली.

"साथ कुठे आहे, बाई?"

"नाहीये, म्हणूनच मागतेय. लागल्यावर मी अर्ज लिहू, की उलट्यांची भांडी धरू?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "मीही वर हेच लिहिलं होतं. उत्तर आलं, साथ लागली की कळवा!"

दोघांनी मिळून कपाट उघडलं. आत अर्धं पोतं.

"जपून वापरा," डॉक्टर म्हणाले.

"रोगालाही तेवढंच सांगून ठेवा!"

*

शेजारच्या राजोडीला किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले. मी बादलीत पावडर कालवली, चुना खाली बसू दिला आणि वरची निवळी विहिरीत ओतली. तोच एक कोळीण अंगावर धावून आली.

"ए बाय, आमच्या पान्याला वास मारतंय!"

"एवढ्या बोंबलांत तुला माझाच वास आला?"

"बोंबलाचा वास घरचा हाय. तुझा नाय!"

बायका खदाखदा हसल्या. मीही हसले. घरी येऊन लुगडं मात्र पुन्हा पुन्हा धुतलं.

*

पास्कूमामाची विहीर त्याच्या केळीच्या वाडीत. पाणी असं गोड, की लग्नकार्याला लोक तिथूनच नेत. पावसाळा तोंडावर आला की मामा विहिरीपाशी लाकडी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसे.

"माझ्या पाण्यात पावडर टाकलीस तर तुलाच आत टाकीन!"

"टाका! डबा हातात धरूनच पडेन!"

मागच्या दारात त्याची बायको, मोनीमामी, तोंडाला पदर लावून हसत होती. पण मामा काही खुर्चीवरून उठला नाही. दर वर्षी मी जायची, भांडायची आणि भरला डबा घेऊन परत यायची.

*

रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात मी बायकांना मीठ-साखरेचं पाणी करून दाखवायची. जुलाब लागले, रस्ता बुडाला, दवाखान्याची जीप आली नाही, तर हातात दुसरं होतं काय?

"ग्लासभर उकळून गार केलेलं पाणी, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. पाजण्याआधी चाखायचं. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून द्यायचं!"

मोनीमामी पुढेच बसलेली. म्हणाली, "आणि डोळ्यांतलं पाणी तू कधी चाखलंस गं?"

"एकटी राहते, मामी. माझ्या घरात दुसरं कोण चाखणार?"

सगळ्या हसल्या. मामी तेवढी हसली नाही.

*

मग एका पावसाळ्यात साथ आलीच. वाड्या पाण्याखाली, जीप पाण्यापलीकडे अडकलेली. दुपारी पास्कूमामा गुडघाभर पाण्यातून माझ्या दारात.

"चल," एवढंच म्हणाला.

मी पावडरचा डबा उचलला आणि निघाले. मामी खाटेवर, डोळे खोल गेलेले. मी पाणी उकळलं, गार केलं, मीठ-साखर कालवली आणि चमचा मामाच्या हातात दिला.

"चाखा."

मामाने आधी गालावरून बोट फिरवलं, ते जिभेला लावलं. मग चमचा चाखला.

"बरोबर आहे."

दोघांनी मिळून घोट घोट पाजलं. पोटात काही ठरतच नव्हतं. सलाईन उपकेंद्रात नव्हतं. जीप दुसऱ्या दिवशी आली. मामी त्याआधीच गेली.

माझा डबा त्या घरातच राहिला. आणायला जायचं धाडस झालं नाही. हो, माझं!

*

पुढच्या वर्षी पावसाआधी मी नवा डबा घेऊन त्या वाडीत गेले. भांडण काही पाठ करून गेले नव्हते. विहिरीपाशी या वेळी खुर्च्या दोन. एकीवर मामा, दुसरी रिकामी. वाटलं, कोणी यायचं असेल.

"बस," मामा म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. बसले.

मामा घरात गेला आणि बशीवर ग्लास ठेवून पाणी घेऊन आला. मी ग्लास तोंडाला लावला आणि ठसकलेच!

"मामा, काय वास मारतोय! केवढी टाकलीत?"

"पी गप."

मी प्यायले. मग आणखी एक ग्लास मागितला.