'येतो' म्हणून झोपणारं मशीन

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी जेवता जेवता वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हसते. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी... असलं काही माझ्या वाटेला येईल असं कधी वाटलं नव्हतं. आलं तेही भर दुपारी, ट्यूबलाइटखाली. त्याला भूत म्हणावं की आणखी काही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आमचं ऑफिस पनवेलला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. खाली स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वर आम्ही. काम व्हर्च्युअल मशीनचं – म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. तो चालू झाला की आधी फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि काही सेटिंग्ज भरून प्रोसेसरच्या सोयी चालू करून देतो. मशीन स्लीपमध्ये गेलं की ती सेटिंग्ज पुसली जातात. उठल्यावर फर्मवेअरने ती परत भरायला हवीत, आणि आमचं फर्मवेअर नेमकं तेच करत नव्हतं. दुरुस्ती माझ्याकडे होती, टेस्टिंग घरतकडे.

घरत उरणकडचा, नवा, प्रोबेशनवर. त्याला कायम करायचं की नाही हे माझ्या शब्दावर होतं. चुणचुणीत होता, पण जरा जास्तच गोड बोलायचा – आणि गोड बोलणाऱ्यांवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही.

टेस्टच्या स्क्रिप्टमध्ये मी एक गंमत केली होती. मशीन झोपायच्या आधी स्क्रीनवर 'जातो' असं यायचं. घरतने ते बदलून 'येतो' केलं. मी विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडं जातो बोलत नाय मॅडम. माझा काका मोऱ्याच्या धक्क्यावरून होडी काढतो, तो पण येतो बोलूनच निघतो."

"अरे, हे मशीन आहे."

"मग ते पण झोपून परत येणारच हाय ना?"

मी विषय सोडून दिला. दोन-तीन दिवसांनी तो सांगत आला, की टेस्ट पास झाली. मशीन उठलं आणि सगळी सेटिंग्ज जागेवर. मी बघतच राहिले, कारण दुरुस्तीची एक ओळसुद्धा मी अजून लिहिली नव्हती. डॉक्टर पोचायच्या आत पेशंट उठून बसावा, तसा प्रकार.

माझ्या डोक्यात एकच आलं – हा पठ्ठ्या कायम होण्यासाठी निकाल रंगवतोय. मी त्याचा सगळा कोड चाळला. पासवर्ड बदलले. फर्मवेअर स्वतः नव्याने बनवून दिलं. तरी पासच. तो जेवायला गेला की त्याच्या स्क्रीनवर डोकावायचे. काही सापडत नव्हतं, आणि सापडत नाही म्हणून संशय आणखी वाढत होता. शेवटी सरांना सांगितलं, "घरत काहीतरी लपवाछपवी करतोय. त्याला कायम करू नका."

सर म्हणाले, "तू म्हणतेस म्हणजे असेल. बोलतो मी त्याच्याशी."

दुसऱ्या दिवशी घरत बहिणीच्या हळदीसाठी सुट्टीवर होता. पुरावा हातात असावा म्हणून मी माझा स्वतःचा लॅपटॉप घेतला, नेट बंद केलं आणि स्क्रिप्ट पहिल्यापासून लिहिली. 'जातो' लिहिलं. मशीन झोपलं, उठलं, सेटिंग्ज गायब – अपेक्षेप्रमाणे. मग का कोण जाणे, 'येतो' लिहून पाहिलं. झोपलं, उठलं... आणि सगळी सेटिंग्ज जागच्या जागी.

तेवढ्यात खाली दुकानात कुणीतरी पातेल्यांची चळत पाडली आणि मी खुर्चीतच दचकले. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच. शब्दाच्या लांबीमुळे मेमरीत काही सरकत असेल म्हणून तेही तपासलं. दोन्ही शब्द सारखीच जागा घेतात. मला भीती वाटली, हे सरळच सांगते. घरतची नव्हे, त्या स्क्रीनची.

मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, घरतला अजून काही बोलू नका."

"अगं, सकाळीच फोन केला त्याला," सर म्हणाले.

सकाळी म्हणजे त्याच्या दारात हळदीचा मांडव भरलेला असताना.

हळद-लग्न आटपून घरत आला तो राजीनामा घेऊनच. मी लॅपटॉप उघडून त्याला दाखवायला लागले, पण त्याने स्क्रीनकडे बघितलंही नाही. "तुमी मला विचारलं असतं ना मॅडम," तो म्हणाला, "तर तुमच्या समोर बसून करून दाखवलं असतं." मग बॅग उचलली, जिन्यापाशी वळला आणि म्हणाला, "जातो."

रोज संध्याकाळी 'येतो मॅडम' म्हणून निघणारा माणूस. चुकून बोलला असेल, आत्ता सुधारेल, म्हणून मी दाराकडे बघत राहिले. तो जिना उतरून गेला.

त्या दुपारी मी तोच लॅपटॉप, तेच फर्मवेअर घेतलं आणि 'येतो' लिहून मशीन झोपवलं. उठलं ते कोरं. त्यानंतर कितीदा करून पाहिलं... सेटिंग्ज एकदाही परत आली नाहीत. पुढे दुरुस्ती मी रीतसर लिहिली, ती व्यवस्थित चालते, क्लायंटही खूश आहे. पण ते जुनं फर्मवेअर मी जपून ठेवलंय आणि अधूनमधून लावून बघते.

उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रातलं असेल आणि काही सुचत असेल तर जरूर सांगा. फक्त, घरतनेच काहीतरी केलं असेल, असं सांगू नका. ते मी एकदा सांगून बसले आहे.