येरच्या बापानं मान हलवली

"अवो, मान हलवली म्हंजी व्हय म्हनला, असं कुनी सांगितलं तुमास्नी? आमचा आण्णा तलाठ्याम्होरं दिसभर मान हलवायचा. म्हनून काय रान लिऊन दिलं का त्येला?"

सुप्रभाबाई परातीत भाकरी थापत होत्या आणि थापेगणिक आवाज चढत होता. नवरा पद्माकर लंडनजवळच्या हॅरोतल्या हॉस्पिटलात डॉक्टर. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "मग मीटिंगमध्ये तू का गप्प बसलीस?"

"मला काय सपान पडलं हुतं? दुभाष्या बोलतोय, बाप मान हलवतोय. मला वाटलं, समदं कळतंय त्येला!"

बाई मूळची विट्याकडची. लग्न करून हॅरोत आली, इथंच शिकली आणि बाहेरदेशच्या पोरांना इंग्रजी शिकवायला शाळेत लागली. शाळेत तिचं इंग्रजी इस्त्रीचं. घरात पाऊल पडलं की गावची बोली. पद्माकरनं आपली बोली पुण्याच्या पाण्यात धुऊन घेतली होती. हिनं धुतली नाही, धुणारही नव्हती.

तर ही शहाऐंशी सालची गोष्ट. येर वांग नावाची बारा वर्षांची पोरगी शाळेत आली. लाओसच्या डोंगरातली ह्मोंग माणसं. लढाई हरली, नदी ओलांडून थायलंडच्या छावणीत पडली आणि तिथनं जो देश घेईल तिकडं पांगली. हॅरोच्या वाट्याला हे एकच घर आलं.

येर वर्गात तोंड उघडायची नाही. मास्तर विचारायला लागले की मान खाली. गणिताचे मास्तर म्हणायचे, "गुणी आहे, काही त्रास नाही." पीटीची बाई म्हणायची, "आळशी आहे." हेडबाई मिसेस हॉलिंग्ज म्हणायच्या, "चिनी मुलं तर हुशार असतात. हिलाच काय झालं?" ती चिनी नाही, हे सांगून सुप्रभाबाईंचं तोंड दुखलं. एकटीला घेऊन बसलं तर पोरगी कुजबुजत का होईना बोलते, हेही सांगून झालं. हेडबाई हसून "हो का," म्हणाल्या आणि ठरवून मोकळ्या झाल्या. पोरगी मंद आहे, नाताळानंतर मतिमंदांच्या शाळेत पाठवायची. तिकडं गेलेलं पोर परत साध्या वर्गात आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

बापाला बोलावलं. कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, दुभाष्या धाडला. तो अर्धा तास बोलला, बापानं अर्धा तास मान हलवली, सगळ्यांनी चहा घेतला. झालं!

बापच राजी म्हटल्यावर सुप्रभाबाईही गप्प बसल्या. शनिवारी नव्या शाळेच्या बसचं सांगायला त्यांच्या घरी गेल्या, तर येर दारातच हळू आवाजात म्हणाली, "कसली बस?"

बाईंनी सांगितलं. पोरीनं ते बापाला सांगितलं, तसा बाप मटकन खाली बसला. पोरीमार्फत म्हणाला, "तो माणूस व्हिएतनामी बोलत होता. मला नाही येत."

"मग तसं सांगायचं की तिथंच!"

"एवढ्या लोकांत त्याची लाज कशी काढू? फार मन लावून बोलत होता."

बाईंनी कपाळाला हात लावला. "बरं, आता तरी सोमवारी या आणि हेडबाईंना नाही म्हणा."

बाप म्हणाला, "ते मी कसं ठरवणार? थोरला काका फ्रान्सात आहे. आमच्यात तो ठरवतो."

"तुमच्याच मुलीचं?"

"मग कुणाच्या?"

हे सगळं ऐकून पद्माकर गडगडून हसला, म्हणून त्या संध्याकाळी भाकरीवर राग निघाला.

सोमवारी सुप्रभाबाई हेडबाईंपुढं उभ्या राहिल्या. हेडबाई म्हणाल्या, "काका कायद्यानं पालक आहे का?"

"नाही. पण त्याच्याशिवाय त्या घरात पानही हलत नाही."

"वडिलांनी होकार दिलाय."

"तुम्ही त्यांना मराठीत विचारलं असतं तरी त्यांनी तोच दिला असता," सुप्रभाबाई म्हणाल्या. हेडबाई लाल झाल्या. पण शाळेनंच चुकीच्या भाषेचा दुभाष्या मागवला ही गोष्ट कौन्सिलपर्यंत गेली असती, म्हणून काका येईस्तोवर थांबायला कबूल झाल्या.

बापानं बोलावणं धाडलं आणि नाताळाच्या आधी काका फ्रान्सहून बोटीनं आला. वाळका, ताठ म्हातारा, अंगात कुणाचा तरी मोठा कोट. त्याला इंग्रजी येत नव्हतं, फ्रेंच येत होतं. मग शाळेच्या फ्रेंचच्या मिस प्रिचर्डना ओढून आणलं. उभा जन्म पोरांना 'स्टेशन कुठं आहे' शिकवण्यात घालवलेली ती बाई घामाघूम झाली.

काकानं सगळं ऐकलं. मग सावकाश बोलला. मिस प्रिचर्ड अडखळत म्हणाल्या, "ते म्हणताहेत, मुलगी इथून हलणार नाही. त्यांच्यात मुलगी ज्याच्या हाती देतात, पुढचा जाब त्यालाच विचारतात. ती त्यांनी..." मिस प्रिचर्डनी सुप्रभाबाईंकडं बोट केलं, "यांच्या हाती दिलीय. पुढच्या वर्षी येऊन बघतो म्हणतात."

"माझ्या?" सुप्रभाबाई म्हणाल्या. "मी आठवड्यातनं दोन दिवस या शाळेत असते! माझ्याकडं आणखी पोरं आहेत!"

हे म्हाताऱ्याला कुणी सांगितलंच नाही. तो उठून कोटाची बटणं लावत होता. हेडबाईंच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला. "छान! मग सुप्रभा बघेल. पूर्ण जबाबदारी तिची. ईस्टरला मुलगी वर्गात वाचून दाखवेल, नाहीतर बस आहेच."

"म्हंजी करनार कुनी न्हाई, निस्तं सांगनार समदी," सुप्रभाबाई मराठीत पुटपुटल्या. मिस प्रिचर्डनी विचारलं, "काय म्हणालात?"

"काही नाही. थँक यू म्हणाले."

बाहेर कॉरिडॉरमध्ये येर भिंतीला चिकटून उभी होती. बाईंनी तिला हाताला धरून सोबत घेतलं. घंटा झाली होती, नैरोबीहून आलेली दोन गुजराती भावंडं कोपऱ्यातल्या खोलीत एकमेकांच्या उरावर बसली होती. बाईंनी त्यांना कॉलर धरून वेगळं केलं, मधल्या खुर्चीवर येरला बसवलं, पुस्तक उघडून तिच्यापुढं सरकवलं.

"हां, वाच. मोठ्यानं. हे दोघं ओरडतायत त्यापेक्षा मोठ्यानं."