हॉपरचं झाकण

मी कापडाच्या कारखान्यात क्वालिटी बघते असं सांगितलं की सोलापूरहून वडील फोनवर हमखास विचारतात, "कुठलं कापड? ते पिशव्यांचं?" त्यांचा सगळा जन्म मागावर गेला. ज्याला ना ताणा ना बाणा, त्याला कापड म्हणायचं म्हणजे त्यांच्या लेखी कमालच झाली. मी समजावून समजावून थकले. बाबा, प्लास्टिकचा पांढरा दाणा वितळवायचा, तो डायच्या हजारो बारीक भोकांतून सोऱ्यातली शेव पाडावी तसा पाडायचा, हवेनं ओढून त्याचे केसाहून बारीक तंतू करायचे, ते चालत्या पट्ट्यावर पडतील तसे पडू द्यायचे आणि गरम रुळांतून दाबून काढायचे. डॉक्टरांचा गाऊन याचाच, तोंडावरचा मास्क याचाच. वडील सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "म्हणजे पिशवीच की."

घरच्यांना माझं काम पटत नाही आणि कामावरच्यांना माझा स्वभाव. नवऱ्याचं ऑफिस बेळ्ळंदूरला म्हणून घर बेळ्ळंदूरला, आणि माझा कारखाना आनेकलच्या अलीकडे. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरेपर्यंतच माझं डोकं तापलेलं असतं. त्यात या कानडी गावाचं 'स्वल्प'! रिक्षावाला म्हणतो स्वल्प सरका, वॉचमन म्हणतो स्वल्प थांबा, लिफ्ट बंद पडली तर ती दुरुस्त व्हायला स्वल्प वेळ, म्हणजे चार दिवस. अरे, जरा म्हणजे किती, ते एकदा सांगून टाका ना!

आमच्या लाइनवरचे मुख्य ऑपरेटर तर बोलायला तोंड उघडलं की स्वल्पनंच सुरुवात करायचे. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, मीही. पन्नाशी उलटलेले, आनेकलचेच. घराणं मराठी, पण तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन बसलेलं, त्यामुळे त्यांची मराठी कानडीत चांगली मुरलेली. मी नोकरीला लागले त्या दिवशी माझं दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, तुमची मराठी लई जोरात पळती. स्वल्प हळू." मला तेव्हाच राग आला होता.

पण माणूस कामाचा, एकदम पक्का. वितळलेला दाणा बिघडलाय हे नुसत्या वासावरून सांगायचे, माझी मशीनं ते अर्ध्या तासानं सांगायची. आजवर तीन शिफ्ट इन्चार्ज त्यांच्या हाताखाली शिकून त्यांच्याच डोक्यावर बसले, कारण अण्णांकडे डिप्लोमा नव्हता. त्या वर्षी मात्र साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. आयुधपूजेनंतरचा पहिला लॉट स्वच्छ निघाला की शिफ्ट इन्चार्जचं पत्र अण्णांना. इन्चार्जला निळा शर्ट असतो, ऑपरेटरला करडा. स्टोअरनं अण्णांच्या मापाचा निळा शर्ट आधीच देऊन टाकला. अण्णांनी तो पाकिटातून बाहेरसुद्धा काढला नाही. लॉकरमध्ये ठेवला आणि दिवसातून दोनदा लॉकर उघडून काय बघायचे ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

इथे आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी, पण दहापट जोरात. बस, ट्रक, स्क्रू-ड्रायव्हर, पाण्याचा कूलर, सगळ्याला हार. आमची लाइन वर्षभर सहसा थांबत नाही, एकदा थांबली की पुन्हा सुरू करायला नाकी नऊ येतात. म्हणून डाय काढून भट्टीत जाळून साफ करायचं मोठं काम मुद्दाम पूजेलाच धरतात. दोन दिवस सफाई, मग पूजा, मग लाइन सुरू. पूजेच्या वेळी सगळं कसं लख्ख असतं. आणि नेमक्या त्याच वेळी ही मंडळी हळद, कुंकू, कापूर, लिंबं आणि कोहळा घेऊन येतात. कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरायचं आणि तो मशीनपुढे आपटून फोडायचा, लालभडक चिखल नुसता! दवाखान्याचं पांढरं कापड आहे हो, एक ठिपका चालत नाही. मी कपाळाला हात लावायची.

त्या वर्षी मी निक्षून सांगितलं की कोहळा शटरच्या बाहेर फुटेल, आत नाही. अण्णांनी मान डोलावली, "सरी अक्का." मग हळूच म्हणाले, "पण पूजा तुम्ही करा. मुत्तैदेच्या हातनं झाली तर बरं." मुत्तैदे म्हणजे आपली सवाष्ण. मी म्हटलं, मला वेळ नाही, मला चाचण्यांची तयारी करायचीय. ते तीन दिवस माझ्यामागे लागले. शेवटी मी झाले तयार. आणि तयार झाले म्हटल्यावर मी काय कमी आहे? साडी नेसले, घरून डबीत अक्षता घेऊन गेले. भटजींच्या ताटात अक्षता होत्याच, पण पिवळ्या, हळदीच्या. इकडे तशाच असतात, अण्णांच्या घरीही तशाच. मला काही ते पटेना. अक्षता कशा, कुंकवात रंगवलेल्या लाल हव्यात!

पूजा झाली. दाणा जिथून मशीनमध्ये जातो त्या हॉपरला हार घातला होता. नवा दाणा नुकताच भरलेला, झाकण उघडं. भटजींचा मंत्र संपला आणि मी लग्नात टाकतात तशी मूठभर अक्षता जोरात उधळल्या. त्याच वेळी अण्णा हात पुढे करून म्हणाले, "अक्का, स्वल्प..."

"स्वल्प काय, अण्णा! निदान पूजा तरी मला शिकवू नका!" मी सगळ्यांसमोर फटकारलं. लोक हसले. अण्णांनी हात मागे घेतला. मग बाहेर कोहळा फुटला, पेढे वाटले, लाइन सुरू झाली.

पहिल्या रोलपासून ठिपके. तपकिरी, काळसर, मोहरीच्या फुटक्या दाण्याएवढे. अण्णांनी जाळी बदलली, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक ज्यातून गाळलं जातं ती. तासभर बरं गेलं, पुन्हा ठिपके. दुसऱ्या दिवशीही तेच. गाऊनवाला कस्टमर फोनवर फोन करत होता, साहेब माझ्या टेबलाशी उभे होते, आणि मला कारण आधीपासूनच माहीत होतं. कोहळा! शटरपासून चार पावलांवर फोडला, बुटांना लागून आत आला, पट्ट्यावर गेला. किती वर्षं बोंबलतेय मी, ऐकतंय कोण? ठिपका मी मायक्रोस्कोपखाली धरला तर तो जळका होता. आता जळकं म्हणजे ते वितळायच्या आधीच आत शिरलेलं असणार, पट्ट्यावर पडलेला कोहळा कशाला जळेल? शाळेतल्या पोराला कळेल एवढी साधी गोष्ट. मला कळली नाही, कारण मला कोहळाच हवा होता.

अण्णांना विचारलं तर ते मान खाली घालून म्हणाले, "असंल अक्का. माझीच चूक." मी तिथल्या तिथे रिपोर्ट लिहिला. कारण: पूजेचं साहित्य लाइनवर आलं. जबाबदार: मुख्य ऑपरेटरचा निष्काळजीपणा. खाली माझी सही. खोटं कशाला सांगू, सही करताना मला बरं वाटलं होतं. लॉट बाद झाला. साहेब अण्णांना काही बोलले नाहीत, पत्राचंही बोलले नाहीत.

सोमवारी पांढरं बंद करून निळं कापड काढायचं होतं, म्हणून हॉपर पूर्ण रिकामा केला. आतला दाणा दिसावा म्हणून हॉपरच्या पोटाला काच असते, तिच्या कडेला, रबराच्या खाचेत, काहीतरी अडकलेलं दिसलं. नखानं उकरून काढलं आणि तळहातावर घेतलं. तांदूळ. पाच-सहा दाणे, लाल.

पिवळे असते तर भटजी होते, अण्णा होते, अख्खा कारखाना होता. लाल एकट्या माझ्या डबीत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी तिथेच लोखंडी पायरीवर बसले.

अण्णा खाली दाणा झाडत होते. मी हात पुढे केला. त्यांनी बघितलं आणि पुन्हा झाडू लागले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही टाकला तेव्हा बघितलंच की. झाकण लावायला हात केला होता."

"मग नंतर का नाही बोललात? मी तुमच्या नावानं लिहिलं, अण्णा! तुमचं पत्र..."

"तुम्ही नको नको म्हणत होता, मीच बळंच उभं केलं पूजेला," ते म्हणाले. "पूजेच्या अक्षतेला चूक कसं म्हणायचं, अक्का? आणि मला वाटलं, जातील चार दाणे, एका जाळीत संपतील. नाही संपले."

मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. माझा तर आलाच होता, पण त्यांचाही. असलं कसलं मोठेपण? माणसानं ओरडावं, भांडावं, चारचौघांत माझी खरडपट्टी काढावी! मी तशीच तरातरा वर गेले आणि दुसरा रिपोर्ट लिहिला. कारण: हॉपरमध्ये अक्षता. जबाबदार: मी.

साहेबांनी वाचला, चष्मा काढला आणि हसले. "कस्टमरला काय कळवू, मॅडम? क्वालिटीच्या मॅडमनी मशीनचं लग्न लावलं?" मी म्हटलं, काहीही कळवा, पण अण्णांचं पत्र द्या. तर म्हणाले, नव्या माणसाला शुक्रवारीच पत्र गेलं. डिप्लोमावाला आहे, होसूरहून येतोय. मी भांडले, हेड ऑफिसला लिहिलं, पुन्हा लिहिलं. तिकडून उत्तर आलं ते असं की मला एक लेखी समज, आणि लाइनवरच्या सर्व ऑपरेटरांना स्वच्छतेचं प्रशिक्षण. ते कोणी द्यायचं? क्वालिटीनं. म्हणजे मी. पहिल्या रांगेत अण्णा बसले होते. मी हॉपर बंद ठेवण्याचं महत्त्व सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि हजेरीच्या कागदावर सही केली. मला तिथेच धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. निळा शर्ट त्यांनी पाकिटासकट स्टोअरला परत केला होता, हे मला स्टोअरवाल्याकडून कळलं.

पुढच्या आयुधपूजेला मी ठरवलं होतं, त्या बाजूला फिरकायचंच नाही. माझ्या टेबलाशी अण्णा आले, करड्या शर्टात. म्हणाले, "चला अक्का, भट्टरु थांबलेत." मी म्हटलं, मी येणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. ते हललेच नाहीत. टेबलाशी उभेच राहिले. शेवटी मीच उठून गेले.

नवा इन्चार्ज निळ्या शर्टात पुढे उभा होता, बारा महिने अण्णांकडून शिकलेला. हॉपरला हार होता, झाकण उघडं होतं. मंत्र संपला. भटजींनी पिवळ्या अक्षतांचं ताट माझ्यापुढे केलं. मी चिमूटभर उचलल्या, आणि हात काही केल्या वर जाईना.

"स्वल्प थांबा," अण्णा म्हणाले.

मी थांबले. ते पायरी चढून वर गेले, झाकण लावलं, कडी घातली, तळहातानं दोनदा दाबून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता टाका अक्का. जोरात टाका."