हळू आवाजातला डग्गा

बायको आयटी कंपनीतली रात्रपाळी संपवून सकाळी झोपायची आणि मी चोरासारखा हळू आवाजात तबला ऐकायचो. एवढ्या हळू आवाजात डग्गा गायबच व्हायचा. शेवटी स्पीकर घेऊन बुधवार पेठेत दुरुस्तीला गेलो.

दुरुस्तीवाल्याने कलिंगड निवडावं तशी खोक्यावर टिचकी मारली. "आवाज वाढवायचाय?"

"नाही, हळूच ऐकायचंय, पण डग्गा गायब होतो. बायको झोपलेली असते."

"पुण्यात असे नवरे असतात?" म्हणत त्याने स्पीकरच्या मागच्या भोकात पुठ्ठ्याची लांब नळी बसवली. मग तबला लावून, डग्ग्याच्या ठोक्यासरशी बाहेर येणारी हवा जोखायला भोकापुढे तळहात धरला आणि डोळे मिटून हसला. "अहो, तुम्हाला आवाज नकोय, घुमारा हवाय."

दुसऱ्या सकाळी तबला लावला, तर आतून बायकोची चाहूल लागली. मी घाबरून बटणाकडे धावलो.

"बंद नको करूस," ती झोपेतच म्हणाली. "डग्गा छान लागतोय."

मी भोकापुढे तळहात धरला आणि डोळे मिटले.