युसूफ वडगावला, एका टाकीची कबुली द्यायला

नऊ वर्षं टाळलेला प्रवास मागच्या महिन्यात केला. पुण्याहून केज आणि तिथून युसूफ वडगाव, हमीदभाईंकडे.

हमीदभाई आमच्या कारखान्यातले वेल्डर आणि मी तिथली नवी इंजिनिअर. स्टेनलेस स्टील मी पुस्तकातून शिकले होते, ते बघायचं कसं हे त्यांनी शिकवलं. एका गिऱ्हाइकाला खाऱ्या, गरम पाण्याची टाकी हवी होती. हमीदभाई म्हणाले, "पोरी, ३१६ लाव. ३०४ला खारं पानी खातं." मी ड्रॉइंगवर ३०४ जातीचंच स्टील लिहिलं, कारण ते स्वस्त. वर्षाच्या आत जोडांजवळ भोकं पडली. ठपका वेल्डिंगवर आला. मी गप्प बसले. ते नोकरी सोडून गावी गेले.

कुणाला जायचं असेल तर पुण्याहून सकाळची अंबाजोगाईची एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट आहे. आष्टीला बस थांबते, तिथली मिरचीभजी चुकवू नका. मी मात्र पुडी न उघडताच पिशवीत ठेवली. शेजारच्या मावशींनी विचारलं, "वडगावला कावून? सोयरे हायेत का?"

"शिकवणारे आहेत," मी म्हणाले.

पाटोद्यानंतर दोन्ही बाजूंना पोटरीला आलेली, कणसं फुटायच्या बेतातली ज्वारी. केजला उतरून काळीपिवळी जीपमध्ये बसले. ती भरल्याशिवाय हलत नाही, तासभर हाताशी ठेवा.

हमीदभाई पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी गेट जोडत होते. तोंडावरची वेल्डिंगची काच वर करून बघितलं. दाढी पांढरी झालेली.

"लई वाळलीस," म्हणाले.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. चूक माझी होती, तुमचा जोड चांगला होता, मी बोलायला हवं होतं.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुला म्हाईत हाय का न्हाई, तेवढंच कळत न्हवतं." मग कपडे झटकून उठले. "चल, एक टाकी बघून येऊ."

गावातल्या डेअरीची ती टाकी ३०४चीच. तळाला सुईच्या टोकाएवढी भोकं, वरून बारीक, आत पोखरलेली. मालक म्हणाला, "वेल्डिंग बोगस हाय, दुसरं काय?"

हमीदभाई माझ्याकडे बघत राहिले.

मी विचारलं, टाकी धुता कशानं? बोअरचं पाणी आणि ब्लीचिंग पावडर. ते पाणी दिवसभर आत तसंच. वर लोखंडी तारेचा ब्रश. म्हटलं, "वेल्डिंगचा दोष नाही. क्लोरीन आणि खारं पाणी साचलं की स्टीलवरचा राखणारा पापुद्रा फाटतो. ब्लीचिंग बंद करा, डेअरीचं धुण्याचं रसायन वापरा, गोड्या पाण्यानं खळबळून टाकी लगेच कोरडी करा. ब्रश नायलॉनचा घ्या. पाणी तपासा, आणि नवी टाकी ३१६एलची घ्या. पण तीही साचलेल्या ब्लीचिंगपुढे टिकायची नाही."

परतताना हमीदभाई हळूच म्हणाले, "हितं समदं लोखंडच. स्टील जोडताना आर्गन ग्यासची ती शीळ ऐकून लई वर्सं झाली. सपनात येती कधी." मला कारखान्यातल्या त्यांच्या शेजारच्या बाकड्याची, त्यांच्या डब्यातल्या आंबाडीच्या भाजीची आठवण आली.

हमीदभाईंच्या घरी भाभींनी भाकरी वाढली. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही.

पुण्याला परतल्यावर कारखान्याच्या जुन्या मालकांना फोन करून सगळं सांगितलं. ते हसले. "एवढं जुनं आता कुणाला आठवतं?"

हमीदभाईंना फोन करून म्हटलं, शेटना खरं काय ते सांगितलं. पलीकडे ग्राइंडर बंद झाला.

"काय म्हनले शेट?"

"कुणालाच आठवत नाही म्हणाले."

ते म्हणाले, "मला याद हाय."