मार्थाच्या हातातलं पातेलं

सायवनच्या पाड्यावर बायजीनं नवऱ्याला जेवायला हाक मारली, की ओढ्यापलीकडचे तीन-चार पुरुषही हातातली कामं टाकून घरी जायचे. आपल्याला बोलावलं की शेजाऱ्याला, हे त्यांना कळायचं नाही, आणि उलट विचारायची कुणाची छाती नव्हती. तिचा नवरा देवजी मात्र हळू बोलणारा. लग्नाला तीस वर्षं झाली, पण आपल्याला बोलायची पाळी फारशी आली नाही, असं तो स्वतःच सांगे. त्यात तक्रार नसे. भात पेरायचा, नागली पेरायची, बायको सांगेल ते ऐकायचं, असा त्याचा सरळ संसार होता.

२०१६ सालच्या थंडीत बायजी बाजारात एका कोळणीशी सुक्या बोंबलाच्या भावावरून बोलत होती. भांडत नव्हती, तिचं बोलणंच तसं होतं. कोळीणही कमी नव्हती, पण शेवटी तिनं मूठभर बोंबील वर घातले आणि कानावर पदर घेतला. चार दुकानं पलीकडे निर्मला नावाची बाई मिरच्या निवडत होती. ती मिरच्या तशाच टाकून आली आणि बायजीसमोर उभी राहिली.

निर्मला तलासरीकडे अंगणवाडीत होती. शिवाय तिनं आणखी एक काम अंगावर घेतलं होतं, वारली बोलीत बायबल आणायचं. तेही छापून नाही, तर आवाजात. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं ते वाचत नव्हते. पण प्रत्येकाच्या खिशात मोबाईल होता, आणि मोबाईलमध्ये लग्नातल्या गाण्यांनी गच्च भरलेलं कार्ड. त्याच कार्डावर थोडी जागा करून येशूच्या गोष्टी घालायच्या, असा बेत होता. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज हवा होता. पुरुष मिळाले होते. बायका मात्र माईक पुढे केला की पदर तोंडात धरत होत्या.

बायजीनं बायबल हे नाव ऐकलं होतं. 'बाय'नं सुरू होतं, म्हणजे कुणा बाईचंच असणार, असा तिचा समज होता. निर्मलानं तो समज दूर केला, तेव्हा ती जराशी हिरमुसलीच. तरी तिनं नाही म्हटलं नाही. आधी पाड्याच्या भगताला विचारलं, आपला हिरवा देव रागावेल का. भगतानं तांदळाचे दाणे मांडून पाहिले आणि देवाची हरकत नाही असं सांगितलं. मग जरा थांबून, तिथं एखाद्या म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज लागतो का, हेही विचारून घेतलं.

तलासरीत भाड्याच्या घराची मागची खोली घेतली होती. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, खिडकीत गादी कोंबलेली, आणि आवाज येतो म्हणून पंखा बंद. मध्ये घामाघूम होऊन बसलेला रेमंड. तो वसईचा. मशीन, माईक आणि कानाला लावायची यंत्रं त्याच्या ताब्यात होती. मराठी त्याला चांगली यायची, वारली अजिबात नाही. आवाज कळतो, अर्थ निर्मलाताई बघतील, असं त्याचं म्हणणं.

बायजीला वाचता येत नव्हतं, म्हणून निर्मला एकेक तुकडा म्हणणार आणि बायजी तो मागून म्हणणार, असं ठरलं. निर्मलानं बजावलं, मी म्हणेन तसंच म्हणायचं. बायजी शब्दाची पक्की. निर्मलानं पहिलं वाक्य म्हटलं, बायजीनं म्हटलं. निर्मला म्हणाली, छान. बायजीही म्हणाली, छान. निर्मलाला हसू आलं, तर बायजी अगदी तसंच हसली. रेमंड खुर्चीतून म्हणाला, अहो थांबा, हे काय चाललंय. बायजीनं तेही वसईच्या हेलासकट म्हणून दाखवलं.

हे निस्तरलं, तर आवाज मशीनमध्ये मावेना. पडद्यावरची हिरवी रेघ लाल व्हायची. रेमंडनं बायजीला कोपऱ्यात नेलं, मग दारात, मग दाराबाहेर. शेवटी निर्मलाच म्हणाली, "मावशी, झोपडीत पोर निजलंय असं समजून बोल." तेव्हा कुठं बायजी इतर माणसं बोलतात तितक्या आवाजात बोलली, आणि आपण कुजबुजतोय म्हणून तिलाच अवघडल्यासारखं झालं.

तिच्या वाट्याला मार्था आली होती. निर्मलानं गोष्ट समजावून सांगितली. दोघी बहिणी. येशू त्यांच्या घरी पाहुणा म्हणून येतो, बरोबर त्याची माणसं. थोरली मार्था चुलीपाशी राबते, आणि धाकटी पाहुण्याच्या पायाशी बसून त्याचं बोलणं ऐकते. मग मार्था बाहेर येऊन पाहुण्याकडे तक्रार करते, की बहिणीला जरा मला मदत करायला सांगा.

बायजीनं विचारलं, माणसं किती. निर्मला म्हणाली, बारा तरी धर. आधी सांगून आले होते का, तर तसं काही लिहिलेलं नव्हतं. बायजीला मार्था तिथंच आवडली. तक्रारीची वाक्यं तिनं अशी म्हटली, की शेजारच्या घरातली बाई आपल्याच घरात वाद झाला की काय म्हणून बघायला आली.

पण रेमंडला आणखी हवं होतं. पाहुण्याचं उत्तर आधीच ध्वनिमुद्रित झालेलं होतं. ते ऐकलं तर मावशींना रंग चढेल, असं वाटून त्यानं यंत्र तिच्या कानाला लावलं. मऊ, थंड आवाज आला. मार्थे, मार्थे, तू नाही नाही त्या काळज्या करतेस. तुझ्या बहिणीनं जे निवडलं तेच बरं.

बायजीनं यंत्र काढून उलटसुलट करून पाहिलं. तो आवाज तिच्या जावयाचा होता.

झालं होतं असं. येशूच्या आवाजासाठी न पिणारा, कुणाशी न भांडणारा, चारचौघांत नाव चांगलं असलेला माणूस हवा होता. शोधता शोधता मंडळी मनिषपाशी येऊन थांबली. मनिष तलासरीत लोकांचे अर्ज लिहून देई, आणि इतकं हळू बोले की समोरच्याला टेबलावर वाकावं लागे. बायजीच्या भारतीचा हा नवरा. बायकोला त्यानं सांगितलं होतं, सासूला सांगायचं धाडस मात्र झालं नव्हतं.

देवानं दोन शब्द सुनावले असते तर बायजीनं ऐकून घेतले असते. पण हा मनिष. मागच्या वाघबारशीच्या सणाला काही न कळवता चार मित्र घेऊन आला होता. कोंबडा कापला, भाकऱ्या थापल्या, धुरात डोळे गेले, आणि पाचही जण बोटं चाटून गेले. तो आता मशीनमध्ये बसून म्हणतो, तू उगाच काळजी करतेस? तिनं माईक तोंडाजवळ ओढला आणि सगळं बोलून घेतलं. कोंबड्याचा हिशेब झाला, लाकडं कुणी आणली ते झालं, आणि भारतीला घरात किती मदत होते तेही झालं. पोर निजलंय हे ती विसरलीच होती. अर्थ न कळणारा रेमंड अंगठा वर करकरून तिला उत्तेजन देत होता. इतका जिवंत अभिनय त्यानं कधी ऐकला नव्हता. निर्मला मात्र कपाळाला हात लावून बसली होती.

यातला एकही शब्द ठेवता येणार नाही, असं तिनं सांगितलं. लिहिलेल्यात भर घालायची नसते. बायजी म्हणाली, मग तुमचं उत्तरही काढा. निर्मला म्हणाली, तेही काढता येत नाही. तेव्हा मार्थाला गप्प बसावं लागत असेल तर दुसरी मार्था बघा, असं म्हणून बायजीनं पिशवी उचलली.

मनिषला अर्ध्या अर्जावरून उठवून आणलं. तो दारातच उभा राहिला. सासूसमोर खुर्चीवर कसं बसायचं, म्हणून गोधडीला टेकला, तर गोधडीच खाली आली.

"मामी, ते मी नाय बोललो," तो म्हणाला.

"तुझा आवाज मला कळत नाय?"

"आवाज माझा. बोलणं त्यांचं."

बायजीनं थोडा विचार केला. मग तिला खरी टोचणारी गोष्ट तिनं विचारली. एवढं झाल्यावर ती माणसं जेवली का? निर्मलानं पुढची पानं चाळली. मागचीही चाळली. जेवणाबद्दल काही नव्हतं.

"लिहिलं नाय म्हणजे जेवले," बायजी म्हणाली. "उपाशी उठले असते तर तेच पहिलं लिहिलं असतं."

मनिष खाली बघत हळूच म्हणाला, की त्यालाही बोलताना वाईट वाटलं होतं. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. "ते दोनदा नाव घेतात, मामी. रागावणारा माणूस एकदाच नाव घेतो. दोनदा घेतो तो समजूत काढायला."

बायजीला आठवलं. देवजी तापात पडला होता तेव्हा ती सगळा दिवस घरात न् शेतात नाचत होती. त्यानं अंथरुणातून तसंच म्हटलं होतं, बायजी, बायजी, बस जरा. ती बसली नव्हती. पण बरं वाटलं होतं.

तिनं पिशवी खाली ठेवली. शब्द आहेत तेच म्हणीन, म्हणाली, फक्त एक सांगा, घरात एवढी माणसं असताना मार्था चुलीवरून रिकाम्या हातानं बाहेर येईल का? निर्मलानं रेमंडकडे बघितलं. भांड्यांचे आवाज त्याला तसेही हवेच होते. शेजारच्या बाईकडून पातेलं न् पळी आली. बायजीनं लिहिलेलेच शब्द म्हटले, एक कमी नाही, एक जास्त नाही. पण मध्ये पळी अशी फिरत होती, की न म्हटलेलं सगळं ऐकू आलं. मनिषचं उत्तर संपल्यावर तिनं पातेलं जमिनीवर ठेवलं. आपटलं नाही. ठेवलं, पण कळेल असं. निर्मलानं भाषांतराच्या वह्या तपासून देणाऱ्या गुरुजींना फोन लावून विचारलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, शब्द तेच असतील तर पातेलं राहू द्या.

पुढच्या वर्षी त्या गोष्टी पाड्यांवर पोचल्या. कुणी कार्डावर घेतल्या, कुणाकडे उन्हावर चालणारी छोटी पेटी आली. सायवनला दुपारी आंब्याखाली पेटी लावली तेव्हा निम्मा पाडा जमला. देवाधर्मापेक्षा बायजीचा आवाज पेटीत मावला कसा, हेच बघायला जास्त जण आले होते. उत्तर संपलं, पातेलं ठेवल्याचा आवाज आला, आणि बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. तेवढंच पुन्हा लावा म्हणाल्या. पुन्हा लागलं. पुरुष जरा खाकरले. तिसऱ्यांदा लागलं, तेव्हा बारक्या नावाचा एक म्हातारा उठला आणि स्वतःचं पाणी स्वतः घेऊन आला. त्याच्या बायकोला वाटलं, याची तब्येत बिघडली.

त्यानंतर मनिष सासुरवाडीला आला तो आगाऊ फोन करून. एकटाच आला, आणि सरळ चुलीपाशी जाऊन कांदा चिरायला बसला. अर्जातल्या अक्षरासारख्या बारीक, सरळ फोडी तो एकेक करून पाडत होता. अर्ध्या कांद्याला त्यानं इतका वेळ लावला, की बायजीचं तेल जळायला लागलं.

तिनं त्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

"मनिष, मनिष," ती म्हणाली, "तू तिकडं उंबऱ्यात बस, आणि बोल कायतरी. मी ऐकते."