व्हिडिओ भेटीची तयारी

"लहान मेंदूत गाठ आहे," असं पुण्याच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा मी पर्समध्ये पार्किंगची पावती शोधत होते. ऐकू सगळं आलं. पावती सापडली तेव्हा बरं वाटलं. त्याची आजही लाज वाटते.

गाठीचं नाव मेड्युलोब्लास्टोमा. लहान मेंदू म्हणजे डोक्याच्या मागचा, तोल सांभाळणारा भाग. माझी आठ वर्षांची ईश्वरी उलट्या करायची, चालताना झोकांड्या खायची, आणि आम्ही पित्ताची औषधं देत बसलो होतो. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, मग केमो. त्या महिन्यांतलं मला फारसं आठवत नाही.

कोल्हारहून पुणं लांब, गाडीत तिला सोसवेना. म्हणून मधल्या भेटी व्हिडिओवर ठरल्या. फोनसमोर बोट नाकाला लावायचं, टाचेला अंगठा भिडवत एका रेषेत चालायचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आम्ही मुलांकडून सगळं घोटून घेतो. घरीही मी तेच केलं. रोज संध्याकाळी तिला फरशीच्या रेघेवर चालवायचे, कपाटाच्या कडेने, म्हणजे डोलली तर बोटं टेकता यावीत. कपाट फोनमध्ये दिसत नसे. "लई भारी चालती पोरगी," नवरा म्हणायचा. मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

सकाळी तिचं डोकं दुखायचं. भेटीत ती ते सांगायची नाही. सांगू नको असं मी म्हटलं नव्हतं. सांग, असंही म्हटलं नव्हतं.

चौथ्या भेटीत डॉक्टरबाई म्हणाल्या, "ईश्वरी, आज मागे मागे चाल बरं."

ती गोंधळली. "मॅडम, हे मम्मीनं अजून घेतलं न्हाई."

मग तिनं एक पाऊल मागे टाकलं आणि डावीकडे कोसळली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "ताई, सराव किती दिवस चाललाय?"

"दोन महिने."

"तिचं चुकतं ते मला दिसायला हवं होतं. उद्याच घेऊन या."

हायड्रोसेफॅलस निघालं. म्हणजे मेंदूतल्या पाण्याचा निचरा होत नव्हता, ते आत साचत होतं. शंट, म्हणजे बारीक नळी, बसवून त्याला वाट करून दिली. गाठ परत आलेली नव्हती. साचलेल्या पाण्याच्या दाबानं नजर मात्र थोडी अधू झाली, ती तशीच राहणार. "सरावामुळंच झालं असं म्हणता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. फार भल्या आहेत. मी मान हलवली.

तुमच्या घरी अशा भेटी चालू असतील, तर मूल जसं आहे तसं फोनसमोर उभं करा. आपलं पोर बरं दिसावं असं वाटणारच. मलाही अजून वाटतं.

परवाच्या भेटीत ईश्वरीचं पाऊल रेघेबाहेर गेलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. "चुकलं ना मम्मी?"

"हो," मी म्हणाले, आणि फोन तिच्या पावलांजवळ नेला.